माल्टाची अश्मयुगीन मंदिरे छोट्या गटाबरोबर: कोणती सहल घ्यावी, कोणती सोडावी

माल्टाची राजधानी व्हॅलेटा. तिच्या दक्षिणेला पावला नावाचे गाव आहे. तिथल्या एका साध्या गल्लीत, घरांच्या रांगेतच, हाल साफ्लिएनी हायपोजिअमचे, म्हणजे खडकात कोरलेल्या अश्मयुगीन भूमिगत दफनस्थळाचे दार आहे. त्या दारातून एका वेळी दहाच माणसे आत सोडतात, दिवसभरात ऐंशी. माल्टाची कुठलीही पुरातत्त्व सहल पारखायची असेल तर या दहाच्या आकड्यापासून सुरुवात करावी. बाकी हॉटेल, जेवण, गाडी हे नंतर बघता येते.

सहल कंपन्या ‘छोटा गट’ म्हणताना आठपासून वीसपर्यंत काहीही धरतात. सोळा जणांचा गट हायपोजिअमला दोन तुकड्यांतच जाणार. म्हणून पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे: दोन्ही तुकड्या एकाच दिवशी, लागोपाठच्या वेळांना जातात का? एक तुकडी खाली असताना दुसरी काय करते? आणि सोबतचा तज्ज्ञ त्या दहांत धरलेला आहे की बाहेर थांबतो? ज्यांना हे काम येते ते लगेच सांगतात की दुसरी तुकडी तोवर तार्शीनची मंदिरे बघते, कारण ती चालत दहा मिनिटांवर आहेत, आणि तासाभराने अदलाबदल होते. ज्यांना येत नाही त्यांची अर्धी मंडळी कोपऱ्यावरच्या कॅफेत बसून राहतात. काही माहितीपत्रकांत तर हायपोजिअमपुढे ‘उपलब्धतेनुसार’ असे बारीक अक्षरात छापलेले असते. त्याचा अर्थ तिकिटे काढलेली नाहीत. हायपोजिअमची तिकिटे कित्येक आठवडे आधी, वसंतात तर त्याहूनही आधी संपतात. सहलीच्या पंधरा दिवस आधी जागे होणाऱ्या आयोजकाला ती मिळत नाहीत. अशी सहल निम्म्या दरातही घेऊ नये.

आठ-नऊ पर्यटक आणि एक तज्ज्ञ ही माल्टासाठी सर्वांत योग्य संख्या आहे, कारण एवढा गट एकाच वेळी आत मावतो. बारा ते सोळाचा गट नीट आखला तर चालतो. त्यापुढे गेले की जागोजागी खोळंबा होतो, आणि हे फक्त हायपोजिअमबद्दल नाही. दक्षिण किनाऱ्यावरच्या म्नायद्रा मंदिराच्या आतल्या कोनाड्यांसमोर सहा-सात जणच नीट उभे राहून बघू शकतात. मागच्यांना पुढच्यांच्या टोप्या दिसतात.

हायपोजिअमच्या भेटीची पद्धत आधी समजून घ्यावी. पिशव्या, कॅमेरा, फोन सगळे वरच्या लॉकरमध्ये ठेवायचे. आत छायाचित्रे काढायला पूर्ण बंदी आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. आधी एक छोटी फिल्म दाखवतात, मग ध्वनिमार्गदर्शकाचे यंत्र कानाला लावून कर्मचाऱ्याच्या मागून लोखंडी पायवाटेने उतरायचे. यंत्रातले निवेदन आणि त्या-त्या दालनातले दिवे एकमेकांना जोडलेले आहेत. निवेदन पुढे सरकले की मागचे दालन अंधारात जाते. मागे वळून ‘ते परत दाखवा’ म्हणायची सोय नाही. आतला फेरा साधारण अर्ध्या तासात संपतो. वेळ चुकली तर पुढच्या तासाला घेत नाहीत, कारण पुढचे दहा जण ठरलेले असतात. त्या दिवशी सकाळच्या रहदारीतून गाडी येणार असेल तर पावलाला अर्धा तास आधी पोहोचण्याची आखणी हवी. मार्सा भागातली कोंडी हे उशिराचे सर्वांत मोठे कारण आहे.

या साऱ्या कडकपणामागे कारण आहे. माणसांच्या श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, दिव्यांची उष्णता, दिव्यांमुळे वाढणारे शेवाळ, यांनी छतावरची तांबड्या गेरूची रंगचित्रे झिजतात. १९९० च्या दशकाचा बहुतेक काळ हायपोजिअम याच कामासाठी बंद होते. २००० मध्ये ते नव्या व्यवस्थेसह उघडले. २०१६-१७ मध्ये हवामान नियंत्रणाची यंत्रणा सुधारण्यासाठी पुन्हा काही महिने बंद ठेवले. अजिंठ्याच्या चित्रांचे काय झाले हे ज्यांना माहीत आहे त्यांना दहाची मर्यादा जाचक वाटणार नाही.

आतले निवेदन यंत्र करते, म्हणून सोबतच्या पुरातत्त्वज्ञाला तिथे बोलायला जवळजवळ वाव नसतो. त्याची खरी कामगिरी आत जाण्याआधीची. चांगला तज्ज्ञ आदल्या संध्याकाळी नकाशा पसरून तीन मजले समजावून देतो. वरचा सर्वांत जुना, इ.स.पू. ३६०० च्या सुमारास सुरू झालेला. मधला त्यानंतरचा, आणि कोरीवकाम बघायचे ते इथले. खालचा सर्वांत उशिराचा. नेमके कुठे वर बघायचे, कुठे डावीकडे, हे आधी सांगितले नसेल तर अर्धा तास हातातून निसटतो. दोन गोष्टी चुकवू नयेत. एक म्हणजे ज्याला ‘ओरॅकल’चे दालन म्हणतात त्याच्या छतावरची तांबडी वलये, आणि दुसरे ‘पवित्रातले पवित्र’ म्हणवणाऱ्या दालनाचे दर्शनी अंग. तिथे सलग खडकात उंबरठा, खांब, चौकट आणि एकेक थर आत सरकत गेलेले छत असे सगळे कोरून काढले आहे. जमिनीवर दगड रचून बांधलेल्या मंदिराची ती खडकातली प्रतिकृती.

इथे मराठी माणसाची नजर आपोआप तयार असते. भाजे-कार्ल्याच्या चैत्यगृहांत कारागिरांनी लाकडी बांधणीचा आकार खडकात उतरवला, अगदी छताच्या फासळ्यांसकट. माल्टात तेच दगडी बांधणीचे झाले, भाज्याच्या कितीतरी शतके आधी, धातूचे हत्यार माहीत नसताना. गारगोटी आणि ऑब्सिडियन (ज्वालामुखीतली काच) वापरून. ऑब्सिडियन तर बेटावर मिळतही नाही, ते लिपारी आणि पांतेल्लेरिया बेटांवरून होड्यांनी यायचे. दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण बांधीव वास्तूचे रूप खडकात का कोरावेसे वाटते हा प्रश्न मनात घेऊन उतरले तर त्या दालनासमोरची दोन मिनिटे फार मोलाची होतात.

हायपोजिअममधून हाती लागलेल्यापेक्षा हातचे गेलेले जास्त आहे, आणि हे सांगणारा गाईड मिळाला तर तो चांगला समजावा. १९०२ मध्ये घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना कामगारांना ते सापडले. काम थांबू नये म्हणून बातमी दडवली गेली आणि वरच्या मजल्याची नासधूस झाली. पहिले उत्खनन फादर मॅन्युएल माग्री या जेझुइट धर्मगुरूंनी केले. १९०७ मध्ये ते ट्युनिशियातल्या स्फाक्सला वारले आणि त्यांच्या नोंदी पुन्हा कधीच मिळाल्या नाहीत. पुढचे काम थेमी झामित यांनी शिस्तीने केले. सुमारे ७,००० माणसांच्या अस्थी इथे असाव्यात हा अंदाज त्यांचाच. त्या अस्थींपैकी आज अगदी थोड्या शिल्लक आहेत. याउलट माल्टाशेजारच्या गोझो बेटावरच्या शाअरा वर्तुळातल्या तशाच भूमिगत दफनस्थळाचे उत्खनन १९८७ ते १९९४ मध्ये थरांची नोंद ठेवत झाले. त्यामुळे हायपोजिअममध्ये काय चालत असेल याचे बरेचसे ज्ञान गोझोवरून येते. वर्तुळाची जागा एरवी लोकांसाठी खुली नसते, पण तिथल्या मूर्ती बघता येतात. माहितीपत्रकात या जागेचे नाव निदान आले आहे का ते बघावे. त्यावरून आखणी करणाऱ्याची तयारी कळते.

तार्शीनचा क्रम यानंतर लगेच किंवा आधी लावावा. शेतात नांगर दगडांना अडखळायचा म्हणून १९१३ मध्ये ही जागा लक्षात आली आणि झामित यांनी १९१५ ते १९१९ या काळात ती खणून काढली. माल्टाच्या मंदिरांपैकी कोरीवकामाने सर्वांत श्रीमंत हीच. एका वेदीच्या पोटातल्या कप्प्यात गारगोटीची सुरी आणि जनावरांची हाडे मिळाली. दगडी बुचाने तो कप्पा बंद केलेला होता. घेरदार झग्यातल्या एका भव्य मूर्तीचा फक्त खालचा भाग उरला आहे. पूर्ण होती तेव्हा ती माणसापेक्षा कितीतरी उंच असणार. मात्र आज जागेवर दिसतात त्यांतले बरेच कोरीव दगड प्रतिकृती आहेत. अस्सल दगड व्हॅलेटाच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात हलवले आहेत. हे आधी सांगितले नाही तर लोक हिरमुसतात.

यावरूनच दिवसांच्या क्रमाबद्दल आमचे मत ठाम झाले आहे. बहुतेक सहली पहिल्याच सकाळी संग्रहालय उरकतात. प्रवासाने थकलेल्या माणसांना काचेच्या कपाटांसमोर उभे करायचे आणि अजून न पाहिलेल्या जागांची नावे सांगायची, याने काही पोहोचत नाही. तार्शीन आणि हायपोजिअम आधी बघावे, आणि त्याच दुपारी किंवा दुसऱ्या सकाळी रिपब्लिक स्ट्रीटवरच्या संग्रहालयात जावे. मग वेदी कुठून आली, मूर्ती कुठल्या कोपऱ्यात होती, हे डोळ्यांसमोर असते. हायपोजिअममध्ये सापडलेली ‘निद्रिस्त स्त्री’ जेमतेम १२ सेंटिमीटरची आहे. एका कुशीवर, हात उशाला घेऊन झोपलेली. ती स्वतंत्र अंधाऱ्या खोलीत ठेवली आहे. तिथे एका वेळी चार-पाच जणांनीच जावे, आणि गाईडने बोलायचे ते बाहेरच बोलून घ्यावे. संग्रहालयाला दीड तास दिला असेल तर पुरतो, पाऊण तास असेल तर तो कार्यक्रम भरण्यापुरता आहे.

हाजर ईम आणि म्नायद्रा ही मंदिरांची जोडी दक्षिण किनाऱ्यावर, समुद्रावर ओणवलेल्या माळावर आहे. दोघांत उताराची सुमारे पाचशे मीटरची वाट. जाताना कळत नाही, परत येताना उन्हात चढ लागतो, म्हणून म्नायद्रा आधी सकाळी आणि हाजर ईम नंतर असा क्रम गुडघे दुखणाऱ्यांसाठी बरा. इथे दगड बघायला शिकवणारा गाईड हवा. हाजर ईम पूर्ण ग्लोबिजेरिना चुनखडीचे. मऊ, मधासारख्या रंगाचा, कोरायला सोपा आणि झिजायलाही सोपा असा हा दगड. म्नायद्राच्या बाहेरच्या भिंतींना करडी, कठीण कोरलाइन चुनखडी वापरली आहे, म्हणून ती जास्त टिकली. हाजर ईमच्या भिंतीवर हाताच्या पंजाएवढे पापुद्रे सुटलेले दिसतात. त्याच वास्तूत वीस टनांच्या वरची एकच शिळा बाहेरच्या भिंतीत उभी आहे.

२००९ पासून दोन्ही मंदिरांवर तंबूसारखी छत्रे आहेत. मोकळ्या आभाळाखालचे छायाचित्र मिळत नाही म्हणून अनेक जण नाक मुरडतात. खारा वारा, पाऊस आणि ऊन यांच्या रोजच्या चक्राने दगडातले क्षार फुगत-आकसत होते आणि १९९० च्या दशकात भिंतींचे भाग कोसळले होते. त्या मानाने छायाचित्राची किंमत काहीच नाही. शिवाय जुलैत त्याच छत्राखाली उभे राहता येते. २००१ च्या एप्रिलमध्ये म्नायद्रात रात्री घुसून काहींनी दगड पाडले, फोडले. त्यानंतर कुंपण आणि पहारा कडक झाला. दोऱ्यांच्या पलीकडे पाऊल टाकू नका असे पुन्हा पुन्हा सांगतात ते त्यामुळेच.

म्नायद्राच्या दक्षिण मंदिराचे तोंड असे आहे की विषुवदिनी उगवता सूर्य दारातून थेट मधल्या अक्षावर शिरतो, आणि दोन्ही अयनदिनी तो आतल्या उभ्या शिळांच्या कडांवर पडतो. मार्च किंवा सप्टेंबरच्या सहली हे चित्र छापून विकल्या जातात. इथे एक फसगत होते. नेहमीची वेळ सूर्योदयानंतर बऱ्याच उशिरा सुरू होते. पहाटेच्या प्रवेशासाठी हेरिटेज माल्टा ही सरकारी संस्था खास भेटी ठेवते आणि त्यांच्या जागा मोजक्या असतात. ‘विषुवदिनी म्नायद्रा’ असे लिहिले असेल तर ती भेट पहाटेची आहे की अकरा वाजताची, हे लेखी विचारावे. पहाटेची असली तरी ढग आले तर काही दिसत नाही, आणि मार्चमध्ये ढग येतात. त्याचे पैसे परत मिळत नसतात.

हे ठिकाण वाऱ्याचे. पंधरा जणांच्या गटात शेवटच्या माणसाला गाईडचा आवाज पोहोचत नाही, म्हणून कानात लावायचे छोटे वायरलेस संच आयोजक देतो का हे बघावे. आठ जणांना त्याची गरज पडत नाही.

गोझोचा दिवस हा या सहलींचा सर्वांत कच्चा भाग. व्हॅलेटाहून चिर्केव्वा धक्क्यापर्यंत पाऊण ते एक तास, तिथून फेरी पंचवीस मिनिटे, पलीकडे इम्जार बंदरावरून शाअरा गाव जवळच. जाऊन-येऊन चार तास रस्त्यात आणि रांगेत जातात. २०२१ पासून व्हॅलेटाहून थेट वेगवान फेरी आहे, पाऊण तासात इम्जारला नेते आणि चालत जाणाऱ्या छोट्या गटाला सोयीची पडते. समुद्र खवळला की तीच आधी रद्द होते, तेव्हा हिवाळ्यात पर्यायी गाडी ठरवलेली असावी. चिर्केव्वाच्या मोठ्या फेरीचे भाडे जाताना कोणी मागत नाही, परतीच्या वेळी गोझोच्या बाजूला एकदाच घेतात. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी गोंधळून जाऊ नये.

शाअरा गावातले जगांतिया मंदिर इ.स.पू. ३६०० च्या सुमाराचे. पिरॅमिडांहून जुने, आणि भिंत अजूनही सहा मीटरहून उंच उभी. बाहेर खडबडीत कोरलाइन, आत गुळगुळीत ग्लोबिजेरिना. १८२७ मध्ये ते मोकळे करताना माती नोंदीविना उपसून टाकली. त्यामुळे आत काय कुठे होते याचे उत्तर फारसे देता येत नाही. या मंदिरांबद्दल छातीठोक बोलणाऱ्या गाईडपासून सावध राहावे. प्रवेश माहिती केंद्रातून आहे आणि गोझोतल्या उत्खननांतल्या मूर्ती तिथेच बघायला मिळतात. बरेच गट घाईत ते केंद्र ओलांडून थेट दगडांकडे जातात, तसे करू नये. त्याच तिकिटात १७२५ ची ता कोला पवनचक्की आहे. वेळ उरला तर किल्ल्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात ११७४ ची मैमुना या मुलीची अरबी समाधीशिळा बघावी. ज्या सहलीत गोझोवर एक रात्र मुक्काम आहे ती शंभर-दीडशे युरोंनी महाग असली तरी घ्यावी. जगांतियाला सकाळी उघडताक्षणी पोहोचता येते, माल्टाहून येणाऱ्या मोठ्या बसगाड्यांच्या आधी.

स्कोर्बा आणि ता हाजरात ही मंदिरे इम्जार नावाच्याच दुसऱ्या गावाजवळ आहेत, ते माल्टा बेटावरच. नाव सारखे म्हणून गल्लत होते. दिसायला साधी, उघडण्याचे दिवस मोजके. मोठी बस तिथल्या रस्त्यांवर नीट वळत नाही, म्हणून मोठ्या गटांच्या यादीत ती सहसा नसतात. स्कोर्बाला डेव्हिड ट्रम्प यांच्या १९६१ ते १९६३ च्या उत्खननात मंदिरांच्याही आधीच्या वस्तीच्या भिंती मिळाल्या आणि माल्टाच्या प्रागैतिहासिक कालक्रमाला आधार मिळाला. सहलीत स्कोर्बा आहे म्हणजे आयोजकाने लहान गाडी ठेवली आहे आणि वेळापत्रक तपासले आहे.

आर दालाम गुहा १४४ मीटर लांब आहे, जाता येते ते पुढच्या भागातच. खालच्या थरात बुटक्या पाणघोड्यांची हाडे, वर हरणे, त्यावर माणूस. इथे गाईडची परीक्षा घेता येते. माल्टावर पहिली माणसे शेतकरी होती असे पूर्वी शिकवत. २०२५ मध्ये बेटाच्या उत्तरेकडच्या लात्नीया या जागेतला शोध प्रसिद्ध झाला. त्यानुसार शिकारी-संकलक माणसे सुमारे ८,५०० वर्षांपूर्वीच, शंभर किलोमीटरच्या आसपास उघडा समुद्र ओलांडून इथे आली होती. हे ज्याला माहीत नाही त्याचे वाचन जुने झाले आहे. दुसरी परीक्षा मिस्राह आर इल-क्बीर इथल्या खडकातल्या चाकोऱ्यांजवळ. डिंगलीच्या कड्यांजवळच्या उघड्या माळावर जोडीजोडीने गेलेल्या या खोल रेषा चाकाच्या गाड्यांच्या की ओढत नेलेल्या घसरगाड्यांच्या, कुठल्या काळातल्या, यावर एकमत नाही. उत्तर ठरलेच आहे असे सांगणाऱ्याला प्रश्न विचारून बघावेत. परग्रहवासी आणि हायपोजिअमचा ‘गूढ नाद’ यांवर वेळ घालवणारे गाईडही असतात. नाद घुमतो हे खरे, पण तो घुमावा म्हणून दालन कोरले याला पुरावा नाही. चाकोऱ्यांच्या माळावर तिकीट नाही, सावली नाही, शौचालय नाही. खडक धारदार आहे, घोटा सांभाळणारे बूट घालावेत.

माल्टात गाईडला पर्यटन प्राधिकरणाचा परवाना लागतो. परदेशातून आलेला प्राध्यापक सोबत असला तरी बहुधा एक परवानाधारक स्थानिक गाईड जोडीला असतो. दोघांचे जमत असेल तर सहल उत्तम होते. जमत नसेल तर तीच माहिती दोनदा ऐकावी लागते. माहितीपत्रकात तज्ज्ञाचे नाव आणि विषय दिला आहे का ते बघावे. मध्ययुगीन किल्ल्यांचा अभ्यासक मंदिरांच्या सहलीवर पाठवलेला असू शकतो.

ऐतिहासिक काळाचा भाग या सहलींत भराभर उरकतात आणि तेवढा पुरतोही. रबातमधली सेंट पॉलची भुयारी दफनस्थळे मात्र घाईने बघू नयेत. वीसहून अधिक दफनगृहे उघडी आहेत, ख्रिस्ती, ज्यू आणि मूर्तिपूजक यांची शेजारीशेजारी, आणि काहींत मृतांच्या स्मरणार्थ जेवायला खडकातच कोरलेली गोल मेजे आहेत. पायऱ्या अरुंद, छत बुटके. बंद जागेची भीती असेल तर मोठ्या भुयारात न जाता बाजूची लहान दफनगृहे बघावीत. तिथून चालत डोमुस रोमाना, १८८१ मध्ये सापडलेले रोमन घर, पाणी पिणाऱ्या कबुतरांच्या मोझेकसाठी. त्याच जागेवर पुढे मुसलमान दफनभूमी झाली होती.

व्हॅलेटात १५६५ चा ऑटोमन तुर्कांचा वेढा, त्यानंतर १५६६ मध्ये वसवलेले शहर, सेंट जॉन्स कॅथीड्रल आणि तिथले कराव्हाज्जोचे १६०८ चे चित्र, त्याने सही केलेले हे एकमेव. कॅथीड्रलमध्ये टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत, कारण जमीन संगमरवरी थडग्यांनी मढवलेली आहे. रविवारी पर्यटकांना बंद असते, आणि आखणीत हे चुकलेले दिसते. आपल्याकडच्या वाचकांना एक गोष्ट गाईडकडून क्वचितच ऐकायला मिळेल. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान पेचाच्या वेळी ब्रिटनने सुमारे ७,००० हिंदी सैनिक समुद्रमार्गे माल्टात आणले, त्यांची जहाजे मुंबईहून निघाली होती. त्या उन्हाळ्यात त्यांतले बरेच पुढे सायप्रसला गेले. किल्ल्यांच्या फेरीत याबद्दल आवर्जून विचारावे.

मुक्काम व्हॅलेटात असावा. संग्रहालय, कॅथीड्रल, बसस्थानक सगळे चालत. रस्ते चढउताराचे आणि पायऱ्यांचे आहेत, गाडी दारापर्यंत येईलच असे नाही, म्हणून सामान हलके हवे. स्लिमा चालेल, फेरीने दहा मिनिटे. बुजिब्बा-काव्रा भागातले स्वस्त हॉटेल दिले असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ रहदारीत वेळ जाणार हे धरून चालावे. मंदिरांसाठी पाच पूर्ण दिवस आणि सहा रात्री हव्यात. तीन रात्रींच्या सहलीत गोझो नावापुरता उरतो. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने बरे. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या जागांवर दुपारी उभे राहवत नाही.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. रिकोटा किंवा वाटाण्याचे सारण भरलेले पास्तिझी कुठेही मिळतात, पण पापुद्र्यात चरबी वापरली आहे का ते विचारावे. वालासारख्या बाकल्याच्या शेंगांच्या दाण्यांची बिजिला आणि वांगी-टोमॅटोची कपुनाता निर्धास्त खावी. फ्तीरा या पावात बहुधा टूना मासा असतो, तो नको म्हणून सांगावे लागते. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि इंग्रजी सगळीकडे चालते, त्यामुळे एखादा दिवस गट सोडून स्वतः फिरणे अवघड नाही. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे.

भारतातून जाणाऱ्यांपुढे एक पेच असतो: हायपोजिअमचे तिकीट आधी काढायचे की व्हिसा आधी. माल्टा शेंगेनमध्ये आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला सर्वसाधारणपणे पंधरा दिवस धरतात, गर्दीच्या दिवसांत भेटीची वेळ मिळायलाच त्याहून जास्त लागतात, आणि ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तिकिटे मात्र तोवर संपतात. प्रौढांचे तिकीट बरेच काळ ३५ युरो राहिले आहे आणि ते सहसा परत होत नाही. विमानाच्या तिकिटाच्या मानाने ही रक्कम लहान, म्हणून व्हिसाची वाट न बघता ते आधी काढावे. तिकिटाची तारीख सहलीच्या मधल्या दिवसांतली घ्यावी, विमान एक दिवस लांबले तरी ते हातचे जात नाही. हेरिटेज माल्टाच्या बहुस्थळी पासमध्ये हायपोजिअम येत नाही, ते वेगळेच काढावे लागते. काहीच मिळाले नाही तर आदल्या दिवशी व्हॅलेटातल्या फोर्ट सेंट एल्मोला किंवा गोझोच्या संग्रहालयात दुसऱ्या दिवसाची मोजकी तिकिटे चढ्या दराने, समक्ष येणाऱ्यांना देतात. दार उघडण्याआधी रांगेत उभे राहावे. दोघा-तिघांना ती मिळून जातात, सोळा जणांच्या गटाला मिळत नाहीत.